सर्किटचा स्वभाव: पोल, झिरो आणि जयपूर घराण्याची एलपी

जयपुरात एखाद्या घरी एफएम रेडिओ सुरू होतो तेव्हा केंद्रावरचा आवाज जसाच्या तसा हवेतून आलेला नसतो. प्रक्षेपणाआधी त्यातल्या वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम वाढवलेल्या असतात, आणि रेडिओच्या पोटात त्या तेवढ्याच प्रमाणात उतरवल्या जातात. जयपूर घराण्याच्या एखाद्या एलपीचंही तसंच आहे. किशोरी आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या तबकडीत कोरलेला आवाज आणि आपल्या कानांवर पडणारा आवाज एक नव्हे. खालचे सूर खोबणीत दाबून कोरलेले असतात, वरचे वाढवून. तबकडी वाजवताना हे सगळं नेमकं उलटवावं लागतं, आणि त्यासाठी दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर पुरतात.

चार सुटे भाग इतकं नेमकं काम कसं करतात, याचं उत्तर इंजिनिअरिंगच्या वर्गात पोल आणि झिरो या दोन शब्दांत दिलं जातं. आउटपुट भागिले इनपुट या अपूर्णांकातली वरची राशी शून्य केली की झिरो मिळतो, खालची शून्य केली की पोल, असं बहुतेकांनी पाठ केलेलं असतं. ते बरोबर आहे, पण एवढ्यावर सर्किट समजत नाही. म्हणून इथे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांच्यापासून सुरुवात करून त्या चार भागांपर्यंत जाऊ. वाटेत भेटेल तो प्रत्येक पोल आणि प्रत्येक झिरो कोणत्या भागामुळे आला, हे बोट ठेवून दाखवायचं आहे.

एक रेझिस्टर, एक कपॅसिटर

रेडिओतल्या सर्किटपासून सुरुवात करू, कारण ते सर्वांत साधं आहे. भारतात एफएमसाठी ठरलेला आकडा आहे ५० मायक्रोसेकंद. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर त्यांचा गुणाकार बरोबर ५० मायक्रोसेकंद येतो. हा या जोडीचा टाइम कॉन्स्टंट. सिग्नल रेझिस्टरच्या एका टोकाला द्यायचा, दुसऱ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत कपॅसिटर जोडायचा आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज पुढे न्यायचं.

आता कपॅसिटर १ व्होल्टपर्यंत भरलेला आहे असं धरा, आणि इनपुटचं टोक ग्राउंडला जोडून टाका. बाहेरून काहीच येत नाही. कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा होऊ लागतो. ५० मायक्रोसेकंदांनी ०.३७ व्होल्ट उरतो, १०० नंतर ०.१४ आणि १५० नंतर ०.०५. कोणत्याही क्षणी व्होल्टेज घटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतो, आणि ते प्रमाण दर सेकंदाला २०,००० असं येतं, म्हणजे १ भागिले ५० मायक्रोसेकंद. कोणी काही न सांगता सर्किट ज्या दराने विझतं तो हा दर, त्याचा स्वभाव. घटत असल्यामुळे त्याला उणे चिन्ह देऊ. उणे २०,००० हाच या सर्किटचा पोल.

गणिताने हीच गोष्ट कशी येते ते पाहू. ट्रान्सफर फंक्शन म्हणजे आउटपुट भागिले इनपुट. मात्र हा भागाकार एका खास जातीच्या सिग्नलसाठी केला जातो, जो एकाच ठरावीक दराने वाढतो, घटतो किंवा झुलतो. त्या दराला एस म्हणतात. एस ऋण असेल तर सिग्नल विझत जातो, धन असेल तर वाढत जातो. एस निव्वळ काल्पनिक संख्या असेल तर तो ना वाढतो ना विझतो, नुसता झुलत राहतो, म्हणजे ती शुद्ध साइन लहर असते. रेझिस्टरचा रोध आर आणि कपॅसिटरची धारकता सी धरली, तर अशा सिग्नलला कपॅसिटरचा होणारा विरोध १ ÷ (एस × सी) इतका असतो. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्यात व्होल्टेज वाटलं जातं, तेव्हा

आउटपुट ÷ इनपुट = १ ÷ (१ + एस × आर × सी)

आर × सी इथे ५० मायक्रोसेकंद आहे. एस उणे २०,००० ठेवला की छेद शून्य होतो. छेद शून्य होणं याचा अर्थ, इनपुट शून्य असतानाही आउटपुट असू शकतं. मघाशी इनपुट ग्राउंडला जोडून आपण पाहिलं ते हेच. समीकरणातला पोल आणि रिकामा होणारा कपॅसिटर ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत.

विझण्याचा दर आणि ऐकू येणारी फ्रिक्वेन्सी

इथे एक प्रश्न पडायला हवा. पोल आहे विझण्याचा दर, आणि आपण ऐकतो त्या साइन लहरी, ज्या विझत नाहीत. मग उणे २०,००० या आकड्याचा कानाशी संबंध कसा येतो?

एसच्या सगळ्या किमती एका नकाशावर मांडल्या जातात. आडवा अक्ष वास्तव संख्यांचा, उभा काल्पनिक संख्यांचा. पोल आडव्या अक्षावर, मध्यापासून डावीकडे २०,००० अंतरावर बसतो. ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सी मात्र उभ्या अक्षावर असतात. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या काटकोनी रस्त्यांच्या जयपूरवर हा नकाशा चांगला बसतो. बडी चौपड हा मध्य धरा. तिथून पश्चिमेला त्रिपोलिया बाजाराने गेलं की छोटी चौपड लागते. पोल तिथे आहे असं समजा. तुम्ही बडी चौपडीवरून उत्तरेला, हवामहलच्या रस्त्याने चालू लागता. पहिल्या काही पावलांत छोटी चौपडीपासूनचं तुमचं अंतर जवळपास बदलत नाही. ती जेवढी पश्चिमेला आहे तेवढेच तुम्ही उत्तरेला पोचलात की ते अंतर मूळ अंतराच्या १.४१४ पट होतं. त्याही पुढे बरंच गेलात की ते अंतर आणि तुम्ही चाललेलं अंतर जवळजवळ सारखंच होतं.

आउटपुट या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणून खालच्या फ्रिक्वेन्सी पूर्ण येतात. उभ्या अक्षावर २०,००० पाशी आउटपुट १ भागिले १.४१४, म्हणजे ०.७०७ उरतं. यालाच ३ डेसिबलची घट म्हणतात. त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की आउटपुट जवळपास निम्मं होतं. २०,००० ला ६.२८३ ने भागलं की हर्ट्झ मिळतात: ३१८३. रेडिओच्या डेटाशीटमध्ये ५० मायक्रोसेकंद लिहिलेलं असो वा ३१८३ हर्ट्झ, पोल एकच आहे.

पोल आणि झिरो कितीही असले तरी रीत हीच. उभ्या अक्षावरच्या एखाद्या बिंदूवरून सगळ्या झिरोंपर्यंतची अंतरं मोजून त्यांचा गुणाकार करायचा, त्याला सगळ्या पोलांपर्यंतच्या अंतरांच्या गुणाकाराने भागायचं आणि सर्किटच्या एका स्थिरांकाने गुणायचं. त्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पुढे जाईल ते हातात येतं.

झिरो कुठे बसतो

आता प्रक्षेपणाच्या बाजूला जाऊ. एफएममध्ये ऐकू येणारा गोंगाट फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत जातो, म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच वाढवून पाठवल्या तर त्या गोंगाटाच्या वर राहतात. त्यासाठीचं साधं सर्किट असं असू शकतं: ५० किलोओहमचा रेझिस्टर आणि १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडायचे, या जोडीतून सिग्नल पुढे न्यायचा आणि आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत ५ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा.

या सर्किटला उणे २०,००० दराने विझणारा सिग्नल दिला तर काय होईल? ५० किलोओहममधून व्होल्टेजच्या प्रमाणात प्रवाह पुढे जाईल. कपॅसिटरमधला प्रवाह व्होल्टेज बदलण्याच्या वेगावर ठरतो. व्होल्टेज घटतं आहे, म्हणून तो उलट दिशेने वाहील. या विशिष्ट दराला दोन्ही प्रवाह तंतोतंत सारखे आणि विरुद्ध असतात. एकातून जेवढा प्रवाह पुढे जातो तेवढाच दुसऱ्यातून मागे येतो. पुढच्या ५ किलोओहममध्ये काहीच पोचत नाही. इनपुट आहे, पण आउटपुट शून्य. हा झिरो.

या सर्किटचा पोल शोधायला पुन्हा इनपुट ग्राउंडला जोडा आणि कपॅसिटरच्या जागेवरून बघा. त्याला दोन्ही रेझिस्टर समांतर दिसतात, म्हणजे ४.५४५ किलोओहम. टाइम कॉन्स्टंट ४.५४५ मायक्रोसेकंद, आणि पोल ३५,००० हर्ट्झच्या जवळ. एफएमवरचा आवाज १५,००० हर्ट्झपर्यंतच असतो, म्हणून हा पोल आपल्या वाटेत फारसा येत नाही. त्याला टाळताही येत नाही, कारण तो नसता तर फ्रिक्वेन्सी वाढेल तसा हा भाग सिग्नलला अमर्याद वाढवत गेला असता.

आता या दोन शोधांमधला फरक नीट बघा, कारण सगळ्या विषयाचं मर्म त्यात आहे. पोल काढताना आपण इनपुट मिटवलं आणि कपॅसिटरला भोवती काय दिसतं ते विचारलं. आउटपुट कुठून घेतलं याचा प्रश्नच आला नाही. झिरो काढताना मात्र इनपुटपासून आउटपुटपर्यंतची वाट तपासली आणि ती कोणत्या दराला बंद होते ते पाहिलं. पोल सगळ्या सर्किटचा असतो. झिरो असतो एका विशिष्ट वाटेचा.

हे पडताळायला पहिल्याच सर्किटकडे परत जा. १० किलोओहम आणि ५ नॅनोफॅरड तेच ठेवा, पण आउटपुट कपॅसिटरऐवजी रेझिस्टरवरून घ्या. इनपुट मिटवल्यावर कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून त्याच दराने रिकामा होतो, म्हणून पोल उणे २०,००० वरच राहतो. पण आता डीसी, म्हणजे एस शून्य असलेला सिग्नल, कपॅसिटरपाशी अडतो आणि रेझिस्टरवर काहीच येत नाही. शून्यावर एक झिरो आला. भाग तेच, पोल तोच. वाट बदलली म्हणून झिरो बदलला.

प्रक्षेपणातला झिरो आणि रेडिओतला पोल, दोन्ही ३१८३ हर्ट्झवर आहेत. दोन्ही सर्किटं एकामागून एक आली की ट्रान्सफर फंक्शनांचा गुणाकार होतो आणि वरची राशी खालच्या राशीला छेदून जाते. आवाज मूळ रूपात परततो, आणि वाटेत मिसळलेला वरच्या पट्टीतला गोंगाट मात्र पोलामुळे खाली येतो. अमेरिकेत हाच आकडा ७५ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे पोल २१२२ हर्ट्झवर. फक्त तिकडच्या प्रमाणासाठी बनलेला रेडिओ जयपुरात किंवा पुण्यात लावला तर पोल झिरोवर बसत नाही, आणि १०,००० हर्ट्झपाशी आवाज सुमारे ३.३ डेसिबलने कमी पडतो. निवेदकाचे स, श थोडे बोथट वाटतात.

दोन कपॅसिटर एकत्र आले की

५० मायक्रोसेकंदांचे दोन सारखे टप्पे एकापुढे एक जोडले तर ३१८३ हर्ट्झवर दोन पोल मिळतील, असं सहज वाटतं. तसं होत नाही. दुसरा टप्पा पहिल्याकडून प्रवाह ओढतो, आणि पहिल्या कपॅसिटरला आता आपल्या रेझिस्टरशिवाय पुढचं ओझंही दिसतं. समीकरण मांडलं की पोल १२१६ आणि ८३३३ हर्ट्झवर येतात. त्यांचा गुणाकार अजूनही ३१८३ चा वर्गच आहे, पण दोघे एकमेकांपासून दूर सरकले आहेत. कोणता पोल कोणत्या कपॅसिटरचा, असं आता सांगता येत नाही. दोन्ही पोल दोन्ही कपॅसिटरचे आहेत. मध्ये एक बफर अँप्लिफायर ठेवून ओढाताण थांबवली तरच ते दोघे ३१८३ वर एकत्र येतात.

दोन गोष्टी मात्र कधी बदलत नाहीत. पहिली, स्वतंत्रपणे भरू शकणारे कपॅसिटर जितके, तितके सर्किटचे पोल. दुसरी, नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जाळ्यात प्रत्येक पोल वास्तव आणि ऋण असतो. याचं कारण ऊर्जेत आहे. कपॅसिटर ऊर्जा विद्युत क्षेत्रात साठवतो. ती आलटून पालटून चुंबकीय क्षेत्रात नेणारी कॉइल इथे नाही. अँप्लिफायर नसताना, ऊर्जा दोन रूपांमध्ये ये-जा करू शकली तरच सर्किट स्वतःहून झुलतं. इथे ती रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते, म्हणून सर्किट फक्त विझू शकतं. त्याचे सगळे पोल नकाशाच्या आडव्या अक्षावर, डाव्या अर्ध्या भागात राहतात.

एलपीचे तीन आकडे

जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांचा जन्म १८५५ मध्ये जयपूर संस्थानातल्या उनियाऱ्याचा. त्यांची गायकी पुढे शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आणि मुंबईत रुजली, आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्या गळ्यातून महाराष्ट्राच्या घराघरात पोचली. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत, आणि त्यात विलंबित ख्यालाची बढत बसणं अशक्य. १९४८ मध्ये ३३⅓ आरपीएमची एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा मिळाली.

या जागेसाठी सुरुवातीला सांगितलेला फ्रिक्वेन्सींचा फेरफारही लागतो. कटिंगची सुई सारख्याच वेगाने हलवायची तर १०० हर्ट्झच्या सुरासाठी तिला १००० हर्ट्झच्या दसपट रुंद झोका घ्यावा लागतो. खालचे सूर तसेच कोरले तर एक खोबण शेजारच्या खोबणीवर जाईल, नाहीतर खोबणी लांब लांब ठेवून वेळ घालवावा लागेल. म्हणून खालचे सूर दाबून कोरतात. वरच्या सुरांचे झोके मुळातच बारीक, म्हणून ते तबकडीच्या खरखरीत बुडू नयेत यासाठी वाढवून कोरतात. किती दाबायचं आणि किती वाढवायचं, हे सुरुवातीला कंपनीगणिक वेगळं असे. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशनचं प्रमाण रूढ झालं आणि ते जगभर पसरलं. आद्याक्षरांवरून त्याला आरआयएए म्हणतात.

या प्रमाणात तीनच आकडे आहेत: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. वाजवणाऱ्या बाजूला पहिला आणि तिसरा आकडा पोलांचे, मधला झिरोचा. हर्ट्झमध्ये सांगायचं तर ५० वर पोल, ५०० वर झिरो, २१२२ वर पुन्हा पोल. कोरणाऱ्या बाजूला याच्या उलट, म्हणजे पोलांच्या जागी झिरो आणि झिरोच्या जागी पोल. एफएमचंच तत्त्व, फक्त तीन बिंदूंचं.

तंबोऱ्यावर हे कसं दिसतं ते पाहू. गायिकेचा षड्ज २२० हर्ट्झचा धरला तर खर्जाची तार ११० हर्ट्झची. तिचा पाचवा स्वरांश ५५० हर्ट्झवर, झिरोच्या जरा पुढे, आणि विसावा २२०० वर, दुसऱ्या पोलाच्या जवळ. जवारी लागलेल्या तंबोऱ्यात हे वरचे स्वरांशही स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे एकच तार तिन्ही बिंदूंच्या टापूत पसरलेली आहे. १००० हर्ट्झच्या तुलनेत वाजवणारं सर्किट ११० हर्ट्झ सुमारे ४.२ पट वर उचलतं आणि २२०० हर्ट्झ ०.७ पटीवर आणतं. कानाच्या दोन टोकांना, २० आणि २०,००० हर्ट्झना मिळणाऱ्या वागणुकीत तर सुमारे ८८ पटींचा फरक आहे. पोल-झिरो जागेवर नसले तर तंबोरा बेसूर होत नाही, पण त्याचा भरणा बिघडतो. खर्ज पोकळ होतो किंवा जवारी मिटते.

आता ते चार भाग. इनपुटपासून आउटपुटपर्यंत २१.८७ किलोओहमचा रेझिस्टर. आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत दोन फांद्या: एकीत ३.१८ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड एकापुढे एक, दुसरीत एकटा ३४.३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर.

आधी झिरो. पहिल्या फांदीत ३.१८ किलोओहम गुणिले १०० नॅनोफॅरड म्हणजे ३१८ मायक्रोसेकंद. या दराने विझणाऱ्या सिग्नलसाठी फांदीतल्या रेझिस्टरवरचं आणि कपॅसिटरवरचं व्होल्टेज सारखं आणि विरुद्ध असतं, फांदीचा एकूण विरोध शून्य होतो आणि आउटपुट जणू ग्राउंडलाच जोडलं जातं. मघाच्या सर्किटात वाट अडल्यामुळे झिरो आला होता, इथे सिग्नल ग्राउंडला गेल्यामुळे आला आहे.

पोल दोन, कारण कपॅसिटर दोन, आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून कुठल्याही एका जोडीचा गुणाकार ३१८० किंवा ७५ येत नाही. २१.८७ किलोओहम गुणिले १०० नॅनोफॅरड येतो २१८७ मायक्रोसेकंद, आणि २१.८७ किलोओहम गुणिले ३४.३ नॅनोफॅरड येतो ७५०. समीकरण सांगतं की दोन्ही पोलांच्या टाइम कॉन्स्टंटची बेरीज ३१८, २१८७ आणि ७५० यांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. ती ३२५५ आहे, म्हणजेच ३१८० अधिक ७५. त्यांचा गुणाकार ३१८ गुणिले ७५० इतका असला पाहिजे. तो २,३८,५०० आहे, म्हणजेच ३१८० गुणिले ७५. बेरीज आणि गुणाकार दोन्ही जुळले, म्हणजे पोल जागेवर आहेत.

पोल आणि झिरो यांच्यातला फरक इथे प्रयोगानेच दिसतो. या सर्किटच्या पुढे १०० किलोओहमचं ओझं लावा. कपॅसिटरना दिसणारा रेझिस्टर आता २१.८७ नसून १७.९५ किलोओहम झाला. पोल सरकतात: ५० हर्ट्झचा सुमारे ६० वर जातो, २१२२ चा सुमारे २१६० वर. झिरो ५०० वरून हलत नाही, कारण तो ठरवणाऱ्या फांदीला ओझ्याने हात लावलेला नाही. सर्किटच्या मागे किंवा पुढे जोडलेली प्रत्येक गोष्ट पोलांना जाणवते. म्हणून असं सर्किट बांधताना मागच्या अँप्लिफायरचा अंतर्गत रोध २१.८७ किलोओहममध्येच मोजून धरायचा आणि पुढचं ओझं शेकडो किलोओहमच्या वर ठेवायचं.

केसरबाईंच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या याच तीन आकड्यांवर वाजवणंही योग्य नाही. त्या आधीच्या, वेगळ्या प्रमाणाने कोरल्या गेल्या. डिजिटायझेशन करताना कोरणाऱ्याने पोल-झिरो कुठे ठेवले होते ते शोधून उलटं सर्किट त्यावर बसवावं लागतं. जुन्या आवाजाविषयी मत देण्याआधी एवढी काळजी घेणं हे आपलं त्या गायिकांशी असलेलं कर्तव्य आहे.

रेझिस्टर-कपॅसिटरची मर्यादा

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना ५० हर्ट्झची विजेची घरघर अनेकदा त्रास देते. ती काढायची तर झिरो उभ्या अक्षावर, नेमका ५० हर्ट्झवर हवा. पोल आडव्या अक्षावर अडकलेले असले तरी झिरोवर तसं बंधन नाही. सिग्नलला दोन वेगळ्या वाटा देऊन त्या शेवटी अशा जुळवता येतात, की एका फ्रिक्वेन्सीला दोन्ही वाटांचे प्रवाह एकमेकांना पुसून टाकतील. ट्विन-टी नावाचं सर्किट हेच करतं. ३१.८ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड हे मूळ आकडे धरून, एका वाटेत ३१.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि मध्ये ग्राउंडला २०० नॅनोफॅरड, दुसरीत १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि मध्ये ग्राउंडला १५.९ किलोओहम. झिरो बरोबर ५० हर्ट्झवर बसतो.

कपॅसिटर तीन असले तरी एक पोल त्याच जागेवरच्या दुसऱ्या एका झिरोने पुसला जातो. उरलेले दोन पोल मात्र १३.४ आणि १८७ हर्ट्झवर, आडव्या अक्षावरच राहतात, आणि त्यामुळे खड्डा फार रुंद होतो. ११० हर्ट्झचा खर्ज ०.४ पटीवर येतो. घरघर गेली, पण तंबोऱ्याचा पायाही तिच्याबरोबर गेला. खड्डा अरुंद करायचा तर पोल झिरोच्या जवळ, उभ्या अक्षाकडे न्यायला हवेत, आणि नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरने ते होत नाही. त्यासाठी अँप्लिफायर जोडून आउटपुटचा काही भाग मागे द्यावा लागतो.

नवं सर्किट वाचताना

रेझिस्टर-कपॅसिटरचं कोणतंही नवं सर्किट समोर आलं की आधी कपॅसिटर मोजा. पोल किती ते कळेल. मग इनपुट मनात ग्राउंडला जोडा आणि प्रत्येक कपॅसिटरला भोवती कोणते रेझिस्टर दिसतात ते बघा. पोल साधारण कुठे पडतील याचा अंदाज येईल. कपॅसिटर एकमेकांना दिसत असतील तर बेरीज आणि गुणाकार मांडून नेमकी जागा काढा. त्यानंतर इनपुटपासून आउटपुटपर्यंतची वाट चालून जा. ती कुठे अडते, कुठे ग्राउंडला मिळते, कुठे दोन वाटा एकमेकांना पुसतात, तिथे झिरो. शेवटी डीसी आणि अतिउच्च फ्रिक्वेन्सी या दोन टोकांना सर्किट काय करतं ते तपासा. हिशेबात चूक असेल तर बहुधा इथेच सापडते.

हे हाताने करून बघण्यासारखं आहे. एलपीच्या सर्किटचे चार भाग स्वस्त आहेत आणि कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये मिळतात. रेझिस्टर १ टक्का टॉलरन्सचे घ्या आणि कपॅसिटर मीटरवर मोजून निवडा, कारण नेहमीच्या कपॅसिटरमध्ये ५ ते १० टक्के फरक असतो आणि तेवढ्याने पोल जागेवरून हलतात. मग सिग्नल जनरेटरवरून १००० हर्ट्झ द्या. आउटपुट इनपुटच्या सुमारे एक दशांश यायला हवं. ११० हर्ट्झला ते ४.२ पट वर जायला हवं, २२०० ला ०.७ पटीवर उतरायला हवं. हे तीन आकडे जुळले तर त्या चार भागांमधून एलपीवरचा तंबोरा त्याच्या मूळ भरण्यासकट ऐकू येईल. जुळले नाहीत तर कोणता बिंदू सरकला आणि कोणत्या भागामुळे सरकला, हे आता तुम्हाला शोधता येईल.